साखरेचे मळे आणि गुलामांचा हिशेब



इतिहास शिकविताना एखादा विद्यार्थी कधी कधी असा प्रश्न विचारतो की, शिक्षकाला हातातले पुस्तक मिटून विचार करावा लागतो. नववीच्या वर्गात अमेरिकेतील यादवी युद्धाचा पाठ चालू होता. मळेवाले आपल्या गुलामांना चाबकाने फोडून काढीत, अर्धपोटी ठेवीत, असे मी सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. घरी दोन बैल आणि थोडाफार ऊस असलेल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. त्याने विचारले, "सर, गुलाम फुकट मिळत होता का?" मी म्हणालो, "नाही, चांगले पैसे मोजावे लागत." तो म्हणाला, "मग पैसे देऊन आणलेल्याला उपाशी कोण ठेवील? आमचे आबा बैलाला आधी वैरण टाकतात, मग स्वतः जेवतात."

वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही. कारण नेमका हाच युक्तिवाद एके काळी इंग्लंडच्या पार्लमेंटात झाला होता. १७८८ पासून गुलामांच्या व्यापाराची तेथे चौकशी सुरू झाली, तेव्हा वेस्ट इंडीज बेटांवरचे मळेवाले आणि त्यांचे वकील हेच सांगत होते की, गुलाम ही आमची मालमत्ता आहे. आपल्या मालमत्तेची नासाडी कोणता शहाणा मनुष्य करील? मुलाने निरागसपणे विचारले, त्यांनी लबाडीने विचारले, एवढाच फरक. "काही माणसे क्रूर असतात," असे काहीतरी उत्तर देऊन मी त्या दिवशी वेळ मारून नेली. घंटा झाली आणि सुटलो. पण ते उत्तर खरे नव्हते, निदान पुरते नव्हते. या लेखात ते पुरे करण्याचा प्रयत्न आहे.

आधी थोडे आकडे पाहू. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिक महासागर ओलांडून गुलाम नेणाऱ्या सुमारे ३६ हजार सफरींच्या नोंदी अभ्यासकांनी एकत्र केल्या आहेत. त्यांवरून असा अंदाज निघतो की, १५०१ ते १८६६ या काळात सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांवर चढविली गेली आणि १ कोटी ७ लाख पलीकडे उतरली. मधली १८ लाख समुद्रातच संपली. जी उतरली त्यांपैकी आज ज्याला आपण अमेरिकेची संयुक्त संस्थाने म्हणतो तेथे थेट आफ्रिकेतून चार लाखांहूनही कमी गेली. ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांवर मात्र सुमारे २३ लाख उतरली.

आता दुसऱ्या बाजूचे आकडे घ्या. १८६० च्या शिरगणतीत संयुक्त संस्थानांत ३९ लाख ५३ हजार गुलाम होते. चार लाखांचे जवळजवळ चाळीस लाख झाले होते. १८३४ साली ब्रिटिश वेस्ट इंडीजमध्ये गुलामी संपली, तेव्हा तेथे साधारण पावणेसात लाख गुलाम उरले होते. २३ लाख आणले आणि त्यांची मुले, नातवंडे धरूनही पावणेसात लाख उरले! काही गुलाम तेथून पुढे स्पॅनिश वसाहतींत विकले गेले, काही थोड्यांना मुक्ती मिळाली, हे सारे वजा केले तरी हिशेब जुळत नाही. उरलेली माणसे गेली कोठे?

ती उसात गेली.

आपल्याकडील ऊसपट्ट्यातील वाचकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ऊस तोडल्यावर थांबत नाही. एक-दोन दिवसांत चरकात गेला नाही तर त्याचा उतारा घटतो आणि रस काढून ठेवला तर आंबतो. गुऱ्हाळ सुरू झाले की रात्रंदिवस चुलवाण धगधगत असते, हे आपण पाहिलेले आहे. जमेका, बार्बाडोस, सेंट डोमिंग या बेटांवर हाच उद्योग प्रचंड प्रमाणात चाले. जानेवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हंगाम असे. दिवसभर तोडणी केलेल्या माणसांच्या पाळ्या रात्री चरकावर आणि काहिलींवर लागत. तीन उभ्या लाटांच्या चरकात उसाची मोळी सारता सारता पेंगुळलेल्या माणसाचा हात आत ओढला जाई. म्हणून चरकाजवळ एक कुऱ्हाड टांगून ठेवीत. चरक थांबविण्यापेक्षा हात तोडणे लवकर होई. काहिलींच्या रांगेत एका काहिलीतून दुसरीत उकळता रस ओतणाऱ्यांच्या अंगावर तो उडाला तर कातडी सोलून निघे.

हंगाम संपला म्हणजे विश्रांती मिळे असे नाही. पुढच्या लागणीसाठी जमिनीत कुदळीने चौकोनी खड्डे खणायचे, आणि शेणखताच्या टोपल्या डोक्यावर वाहून प्रत्येक खड्ड्यात ओतायच्या. बहुतेक मळ्यांवर नांगराला हात लावीत नसत. माणसे विकत घेतलेली होती, ती रिकामी कशाला ठेवायची, हा विचार. माणसांच्या टोळ्या पाडलेल्या असत. धट्ट्याकट्ट्यांची पहिली, त्यांहून कमजोर किंवा वाढत्या वयाच्यांची दुसरी आणि गवत काढणाऱ्या लहान मुलांची तिसरी. पाच-सहा वर्षांचे पोर तिसऱ्या टोळीत जाई. वाचकांना नवल वाटेल, पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक मळ्यांवर पहिल्या टोळीत पुरुषांपेक्षा बायकाच अधिक असत. सुतार, लोहार, गाडीवान, साखर शिजविणारा ही कामे पुरुषांना मिळत. कुदळ उरे ती बायकांना.

ज्या बाईने भरल्या दिवसांपर्यंत कुदळ चालविली तिचे मूल किती जगणार? पुष्कळ बाळे जन्मानंतरच्या पहिल्या नऊ-दहा दिवसांत धनुर्वाताने दगावत. मालकाच्या वहीत बाळाची नोंदही कित्येकदा तेवढे दिवस उलटल्यावरच होई. आता त्या मुलाच्या प्रश्नाचा पहिला धागा येथे सापडतो. मळेवाला दोन हिशेब मांडून पाही. गरोदर बाईला कामातून सूट द्यायची, मूल जन्मले की काही वर्षे त्याला पोसायचे, मग ते कामाला येणार. याला किती खर्च? आणि बंदरात नुकत्याच लागलेल्या जहाजावरून वीस वर्षांचा तयार तरुण विकत घ्यायचा, याला किती? दीर्घकाळ दुसरा आकडा लहान होता. "वाढविण्यापेक्षा विकत घेणे स्वस्त" हे मळेवाल्यांमध्ये उघडपणे बोलले जाई. नव्याने आलेल्यांपैकी मोठा हिस्सा पहिल्या दोन-तीन वर्षांतच मरे. तो खर्चही आधीच गृहीत धरलेला असे.

तयार माणूस इतका स्वस्त कसा पडे? आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याच्या बदल्यात बंदुका, दारू, लोखंडी कांबी आणि कापड दिले जाई. आणि येथे आपला संबंध येतो. त्या कापडात गुजरात आणि चोळमंडल किनाऱ्यावर विणलेल्या सुती कापडाचा मोठा वाटा होता. ते जहाजाने आधी युरोपात जाई आणि तेथून आफ्रिकेत. दुसरी वस्तू म्हणजे कवड्या. मालदीव बेटांवर गोळा केलेल्या कवड्या बंगाल-सिलोनमार्गे लंडन आणि ॲम्स्टरडॅमच्या बाजारात जात आणि तेथून पिंपांत भरून पश्चिम आफ्रिकेत. तेथे कवडी हेच चलन होते. आपण 'कवडीमोल' हा शब्द सहज वापरतो. कवड्या मोजून माणूस विकत घेतला जात होता, ही गोष्ट मी शिक्षक झाल्यावर बऱ्याच उशिराने वाचली, आणि तेव्हापासून तो शब्द उच्चारताना मी थोडा अडखळतो.

दुसरा धागा असा. आबांचा बैल आबांच्याच दावणीला असतो. वेस्ट इंडीजमध्ये मोठ्या मळ्यांचे मालक पुष्कळदा इंग्लंडमध्ये हवेलीत राहत. मळा पाही तो कारभारी, आणि त्याच्यावरच्या मुखत्याराला पिकाच्या उत्पन्नावर टक्केवारी मिळे. औत एकाचे, बैल दुसऱ्याचा, आसूड तिसऱ्याच्या हातात. यंदा किती पिंपे साखर जहाजावर चढली यावर मुखत्याराची कमाई. दहा वर्षांनी गुलाम धडधाकट राहील की नाही, याची काळजी त्याने का करावी? शिवाय मालक लंडनच्या व्यापाऱ्यांचे देणेकरी असत. १७३२ च्या कायद्याने वसाहतींतील जमिनीबरोबर गुलामही कर्जापोटी जप्त करण्याची सोय करून दिली होती. जी वस्तू उद्या सावकार घेऊन जाणार, तिला आज राबवून घ्यावे, असा विचार कर्जबाजारी माणूस करतो. इंग्लंडात साखरेची चटक तर वाढतच होती. १७०० साली माणशी वर्षाला चार पौंड खपणारी साखर १८०० साली अठरा पौंडांवर गेली होती.

खाण्याचे काय? जमेकात मालकांनी एक युक्ती काढली होती. डोंगरउतारावरची उसाला न चालणारी जमीन गुलामांना तुकड्या-तुकड्यांनी द्यायची. रविवारी आणि एकाआड एक शनिवारी त्यांनी तेथे कंद, केळी पिकवून आपले पोट भरायचे. म्हणजे सहा दिवस मालकासाठी राबायचे आणि सातव्या दिवशी, मालकाचा पोसण्याचा खर्च वाचावा म्हणून राबायचे. (या तुकड्यांवर पिकवलेले जास्तीचे धान्य-भाजी गुलाम बायका रविवारच्या बाजारात विकीत आणि त्या पैशांतून काहींनी आपली मुले सोडवून घेतली, हेही सांगितले पाहिजे. माणूस कोठेही आपला मार्ग काढतो.) बाकीचे खाणे, म्हणजे खारवलेले मासे आणि मका, उत्तर अमेरिकेतून येई. १७७६ नंतर तिकडे स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि जहाजे बंद झाली. त्यातच एकामागून एक वादळे आली. १७८० ते १७८७ या काळात एकट्या जमेकात सुमारे पंधरा हजार गुलाम उपासमारीने व त्यातून उद्भवलेल्या रोगांनी मेले, असे तेथल्या मळेवाल्यांच्याच विधिमंडळाने नमूद केले आहे.

यावर उपाय म्हणून काय झाले? उसाची जमीन थोडी कमी करून धान्य लावावे, हे कोणाला सुचले नाही. त्यांनी सरकारकडे एका झाडाची मागणी केली. ताहिती बेटावरून नीरफणसाची रोपे आणण्यासाठी कॅप्टन ब्लाय याला 'बाउंटी' जहाज देऊन पाठविले. १७८९ साली खलाशांनी बंड करून त्याला होडीत सोडून दिले, ही कथा पुष्कळांनी ऐकली असेल, चित्रपटही निघाले. ब्लाय दुसऱ्यांदा गेला आणि १७९३ साली रोपे वेस्ट इंडीजला पोहोचली. कोकणातील आपल्या घरी ज्याच्या कापा होतात तो नीरफणस वेस्ट इंडीजच्या बेटांवर गेला, तो फुकटात गुलाम पोसता यावेत म्हणून!

आता चाबकाकडे येऊ. बैलाला कोणी लंगडा करीत नाही, हे खरे. पण फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ साली आपल्या वसाहतींसाठी केलेल्या कायद्यात पळून गेलेल्या गुलामाचे पहिल्यांदा कान कापून खांद्यावर डाग द्यावा, दुसऱ्यांदा गुडघ्यामागची शीर तोडावी आणि तिसऱ्यांदा देहान्त शिक्षा द्यावी, असे लिहिले होते. मग मालकाचे नुकसान? त्याचीही तरतूद त्याच कायद्यात आहे. मालकाच्या तक्रारीवरून फाशी दिलेल्या गुलामाची किंमत ठरवून ती मालकाला देण्यात येई आणि ती रक्कम इतर मळेवाल्यांकडून गुलामामागे कर लावून वसूल होई. ब्रिटिश बेटांतही अशी भरपाई मिळे. एक गुलाम मारल्याने शंभर दहशतीत राहतात आणि त्याची किंमत सगळे मिळून वाटून घेतात. बैलांना दहशत घालावी लागत नाही, कारण बैल रात्री एकत्र जमून बंड करण्याची मसलत करीत नाहीत. गुलामाला मारावे लागे ते तो माणूस होता म्हणून.

टॉमस थिसलवुड नावाचा एक इंग्रज १७५० ते १७८६ या काळात जमेकात आधी कारभारी आणि मग छोटा मालक होता. त्याने जवळजवळ रोज डायरी लिहिली आणि ती शिल्लक आहे. पाऊस किती पडला, कोणते पुस्तक वाचले, बागेत काय लावले, याच ओळींत कोणाला फटके मारले आणि जखमांवर मीठ, मिरी व लिंबाचा रस चोळला, हेही तो थंडपणे लिहितो. गुलाम स्त्रियांवर आपण केलेल्या अत्याचारांच्या नोंदीही त्याने तारीखवार ठेवल्या आहेत. राक्षस म्हणून ओळखला जाणारा हा मनुष्य नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांत तो वाचनाची आवड असलेला, प्रतिष्ठित गृहस्थ समजला जाई. म्हणूनच वर्गात दिलेले माझे "काही माणसे क्रूर असतात" हे उत्तर मला लंगडे वाटते.

हा हिशेब किती टोकाला गेला हे 'झाँग' जहाजाच्या खटल्यात दिसते. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचे हे जहाज १७८१ साली ४४२ गुलाम घेऊन निघाले. जहाजाच्या मानाने ही संख्या फार मोठी होती. रोगाने माणसे मरू लागली. वाटेत जमेका बेट ओळखण्यात चूक झाली आणि प्रवास लांबला. २९ नोव्हेंबरपासून काही दिवसांत खलाशांनी सुमारे १३० जिवंत माणसे समुद्रात फेकली. कारण विम्याच्या कागदात होते. गुलाम आजाराने मेला तर नुकसान मालकाचे. जहाज वाचविण्यासाठी 'माल' फेकावा लागला तर नुकसान विमेवाल्याचे, माणशी ३० पौंड. पाणी संपत आले होते, अशी सबब मालकांनी सांगितली. पुढे उघडकीस आले की, मधल्या दिवसांत पाऊस पडला होता आणि जहाज बंदरात लागले तेव्हा शेकडो गॅलन पाणी शिल्लक होते. १७८३ साली लंडनमध्ये खटला उभा राहिला. खुनाचा नव्हे हो, विम्याच्या रकमेचा! ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी फेरसुनावणीच्या वेळी स्पष्टच म्हटले की, ज्यूरीच्या दृष्टीने हे प्रकरण घोडे समुद्रात फेकल्यासारखेच होते. त्यांनी नव्याने चौकशीला परवानगी दिली खरी, पण खुनासाठी कोणावरही खटला भरला गेला नाही. एके काळी स्वतः गुलाम असलेल्या ओलाउदा इक्वियानोने ही बातमी ग्रॅनव्हिल शार्प या कार्यकर्त्यापर्यंत पोहोचविली नसती, तर ती विम्याच्या दप्तरातच राहिली असती.

मग त्या मुलाचे म्हणणे कधीच खरे ठरले नाही का? ठरले. गुलाम महाग झाल्यावर ठरले. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्यापार बंद होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा जमेकाच्या कायद्यात सहा मुले जिवंत असलेल्या बाईला कष्टाच्या कामातून सूट मिळाली. १८०७ साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला आणि मळ्यांवर सुइणी, दवाखाने, बाळंतपणाची बक्षिसे दिसू लागली. माणसांची मने एका वर्षात पालटत नाहीत. बाजारभाव पालटला होता.

उत्तर अमेरिकेत तर तंबाखू-कापसाच्या कामात माणसे उसाइतकी मरत नसत, आणि १८०८ पासून बाहेरून गुलाम आणणेही बंद झाले. तेथे त्यांना खायला बरे मिळे, मुले जगत. चार लाखांचे चाळीस लाख झाले ते असे. परंतु जी मुले जगली ती मालकाच्या गोठ्यातली वासरे ठरली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सनने १८२० साली एका पत्रात लिहिले आहे की, दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई ही मळ्यावरच्या उत्तम पुरुषापेक्षा अधिक फायद्याची असते. व्हर्जिनियासारख्या जुन्या प्रांतांतून दक्षिणेच्या कापूसपट्ट्यात १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसे हलविली गेली. त्यांतील पुष्कळांना आईपासून, नवऱ्यापासून तोडून विकले होते. तेव्हा पोटभर वैरण मिळणे म्हणजे चांगली वागणूक, असे मानू नये. आबासुद्धा वासरू विकतातच.

येथे काही वाचक म्हणतील की, हे सारे गोऱ्यांचे पाप झाले. आपल्याकडे असे नव्हते. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला तसे म्हणता येत नाही. हजरत बिलाल यांना तापल्या वाळूवरून सोडवून हजरत अबू बक्र यांनी मुक्त केले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो, आणि गुलाम मुक्त करणे हे इस्लामने पुण्यकर्म ठरविले, हेही खरे. तरीही त्यानंतर अडीचशे वर्षांच्या आत बसऱ्याजवळच्या खाऱ्या जमिनीवर पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या टोळ्या क्षाराचे थर खरवडून जमीन लागवडीखाली आणण्याच्या कामी जुंपल्या होत्या. मूठभर पीठ आणि खजूर हे त्यांचे खाणे. ८६९ साली त्यांनी बंड केले. अब्बासी खिलाफतीला ते मोडायला ८८३ पर्यंत चौदा वर्षे लागली. तबरीच्या इतिहासात याचे सविस्तर वर्णन आहे. बसऱ्याचे मालक मुसलमान होते, बार्बाडोसचे ख्रिस्ती होते. जमिनीत राबणाऱ्या टोळीची दशा दोन्हीकडे सारखीच झाली.

उलट दख्खनमध्ये काय घडले पाहा. हबसाणात जन्मलेला एक मुलगा मोखा आणि बगदादच्या बाजारांत विकला गेला. मीर कासीम नावाच्या मालकाने त्याला लिहिणे-वाचणे, हिशेब शिकविले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले, आणि हा चंगीझखान स्वतःही हबशी व एके काळचा गुलामच. तो मुलगा म्हणजे मलिक अंबर. खडकीचा, म्हणजे पुढच्या औरंगाबाद शहराचा पाया घालणारा, जमीनमहसुलाची घडी बसविणारा आणि १६२६ साली मरेपर्यंत मोगलांना दाद न देणारा. मालकांनी त्याला चांगले वागविले ते त्यांची मने अधिक मोठी होती म्हणून, असे म्हणण्याचा मोह होतो. पण लढवय्या गुलामाच्या हातात तलवार द्यावी लागते. ज्याच्या हातात तलवार द्यायची त्याला उपाशी ठेवून, चाबूक मारून चालत नाही. त्याची किंमत त्याच्या निष्ठेत आणि शिक्षणात होती. आणि पेशवाईत घरोघरी, कोठ्यांत, किल्ल्यांवर राबणाऱ्या कुणबिणी आणि बटकी? त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी दप्तरांत आहेत; त्यांतील एकीचाही मलिक अंबर झाला नाही. हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या कायद्याने गुलामीला १८४३ साली मान्यता नाकारली आणि १८६० च्या दंडसंहितेने गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली.

गुलामी संपली तेव्हाचा हिशेब तर फारच बोलका आहे. सेंट डोमिंगच्या गुलामांनी १७९१ साली बंड केले, १८०४ साली हैती हे स्वतंत्र राष्ट्र स्थापन केले. १८२५ साली फ्रान्सची लढाऊ जहाजे हैतीच्या बंदरात आली आणि हरवलेल्या मालमत्तेबद्दल पंधरा कोटी फ्रँकची मागणी केली. पुढे ती नऊ कोटींवर आणली गेली. त्या मालमत्तेत मळ्यांबरोबर माणसेही धरलेली होती. म्हणजे मुक्त झालेल्यांनी आपली स्वतःची किंमत आपल्या जुन्या मालकांना चुकती करायची. त्यासाठी पॅरिसच्याच बँकांकडून कर्ज काढावे लागले. या देण्याची शेपटी १९४७ पर्यंत चालली. आपल्याला स्वातंत्र्य मिळाले ते हेच वर्ष.

ब्रिटनने १८३३ साली कायदा केला. मालकांना भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले. ही रक्कम त्या वेळच्या सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती. त्यासाठी काढलेले कर्ज इतर कर्जांत मिसळत मिसळत २०१५ साली फिटले. गुलामांना काय मिळाले? एक पैसा नाही. उलट १८३४ ते १८३८ अशी चार वर्षे 'उमेदवारी'च्या नावाखाली जुन्या मालकाकडे आठवड्याला चाळीस-पंचेचाळीस तास बिनमजुरीने काम करावे लागले.

भरपाई घेणाऱ्यांत जॉन ग्लॅडस्टन हा लिव्हरपूलचा मोठा व्यापारी होता. पुढे चार वेळा इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा हा बाप. अडीच हजारांवर गुलामांबद्दल त्याला एक लाख सहा हजार पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. पण उमेदवारीची मुदत संपल्यावर ब्रिटिश गयानातील त्याचे मळे कोण कसणार? १८३६ च्या जानेवारीत त्याने कलकत्त्याच्या गिलँडर्स, अरबथनॉट या पेढीला पत्र लिहून हिंदुस्थानातून मजूर मिळतील का, अशी विचारणा केली. पेढीने कळविले की, मॉरिशसला असे मजूर पाठविण्यात काही अडचण आलेली नाही. आपण कोठे चाललो आहोत आणि प्रवास किती लांबचा आहे, याची या लोकांना काहीच कल्पना नसते. १८३८ च्या मे महिन्यात 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही जहाजे ३९६ हिंदी मजूर घेऊन गयानाला लागली.

मॉरिशसला हे आधीच, १८३४ मध्ये, सुरू झाले होते. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत, आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची आपली माणसे असत. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. पोर्ट लुई येथील ज्या घाटाच्या सोळा पायऱ्या चढून ही माणसे वर आली, तो २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

ते गुलाम नव्हते. त्यांना विकता येत नव्हते, कराराची मुदत पाच वर्षांची होती आणि महिना पाच रुपये पगार व शिधा ठरलेला होता. हा फरक लहान नाही, तो पुसून टाकू नये. पण मळे तेच होते आणि पुष्कळांना राहायला जागा मिळाली ती गुलामांच्याच रिकाम्या खोपटांत. गुलाम तापाने पडला तर ते नुकसान मालकाच्या वहीत चढे. करारी मजूर तापाने पडला तर त्या दिवसांचे वेतन त्याला मिळत नसे. आणि परवानगीवाचून एक दिवस कामावर आला नाही, तर त्याचे दोन दिवसांचे वेतन कापले जाई.